पांढरीची राखण : पुरातत्त्व आणि विद्यार्थ्यांची आंतरवासिता

गोदावरी व प्रवरा यांच्या काठी राहणाऱ्या आपल्या वाचकांना 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जेथे माणसे शतकानुशतके राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या व त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, तेथील माती पांढुरकी होते व तिचे टेकाड बनते. पुरातत्त्वज्ञ अशाच टेकाडांचा शोध घेत असतात. ही माती धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी व शेतात पसरण्यासाठी पूर्वीपासून नेली जात आहे. पूर्वी ती बैलगाडीने जात असे. आता यंत्र लावले की अवघे टेकाड थोड्या दिवसांत सपाट होते. याबद्दल आम्ही शेतकऱ्याला दोष देत नाही. त्या मातीत काय आहे, हे बहुधा त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

सांगण्याचे हे काम विद्यार्थी करू शकतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमात आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्याला, स्थान दिले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोठे काम करावे, असा प्रश्न पालक विचारतात. लोकाभिमुख पुरातत्त्व हे त्याचे एक उत्तर आहे. उत्खननातून मिळालेले ज्ञान अहवालात बंदिस्त न ठेवता ज्यांच्या गावात ते मिळाले त्यांच्यापर्यंत नेणे आणि जपणुकीच्या कामात त्यांनाच सहभागी करून घेणे, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्या परिसरात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये नाशिकची मातीची गढी आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन केले. लाल रंगावर काळी नक्षी असलेली, टिचकी मारताच धातूसारखी खणखणणारी जोर्व्याची भांडी तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. त्या काळच्या संस्कृतीला आज जगभरचे अभ्यासक 'जोर्वे संस्कृती' म्हणतात. नेवाशाला तर एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली.

परंतु आम्हांस सर्वांत बोलके वाटते ते श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादचे उदाहरण. 1974 मध्ये एक ग्रामस्थ झाडाचे मूळ खणत असताना त्याला चार ओतीव मूर्ती सापडल्या : बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा व रेडा. चौघांचे एकत्रित वजन 60 किलोहून अधिक. भारतातील प्राचीन धातुकामाचा हा अमोल ठेवा होय. मात्र पुरातत्त्वज्ञ पोहोचण्यापूर्वीच मूर्ती मातीतून निघाल्या होत्या. त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या, याची पद्धतशीर नोंद झाली नाही आणि त्यांच्या काळाविषयी विद्वानांचे आजही एकमत नाही. वस्तू हाती आली, पण तिची साक्ष अर्धवट राहिली. त्या ग्रामस्थाचा यात काय अपराध? 'काही दिसले तर हात थांबवा, जागा तशीच राहू द्या, आणि कळवा' एवढे एक वाक्य गावात आधी पोहोचले असते, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

हे वाक्य पोहोचवणे हे विद्यार्थ्याचे पहिले काम. त्यासोबत कायद्याची माहितीही द्यावी लागते, कारण सरकार वस्तू नेईल व वर चौकशी मागे लावील, या भीतीने लोक गप्प बसतात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरातन ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. न देणाऱ्यास शिक्षा आहे. देणाऱ्याचा हक्क मात्र कायद्याने मानला आहे. सरकारने वस्तू संपादन केल्यास तिच्या द्रव्याच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. ही दुसरी बाजू गावात क्वचितच कोणी सांगते. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्यासाठी 1997 पासून स्वतंत्र योजना चालते. आपल्याकडे तशी व्यवस्था नसताना प्रशिक्षित विद्यार्थी हाच जवळचा दुवा ठरतो.

बाकीचे काम साधे पण चिकाटीचे आहे : खापऱ्या धुणे, त्यांवर क्रमांक घालणे, वृद्धांकडून टेकाडांची जुनी नावे टिपून घेणे, शाळेत वा धर्मग्रामाच्या सभागृहात छायाचित्रे मांडणे. एक पथ्य मात्र कडक आहे. विद्यार्थ्याने स्वतः खणायचे नाही आणि आठवण म्हणून एकही खापरी खिशात घालायची नाही. उत्खनन परवानगीनेच होते. उन्हाळ्यात नांगरट झाली की जमिनीतील खापऱ्या वर येतात व पीक नसल्याने त्या नजरेस पडतात. पाहणीसाठी हाच काळ सोयीचा असतो आणि महाविद्यालयांना सुटीही तेव्हाच असते.