अक्षरांची माळ कशी ओवावी?



संगणकाला काम सांगण्याच्या अनेक भाषा आहेत. त्यांपैकी पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. वाचायला सोपी, म्हणून ती नवशिक्यांना शिकवतात.

या भाषेत अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. दोन स्ट्रिंगांमध्ये अधिकचे चिन्ह घातले की त्या जोडल्या जातात. समजा, यादीत तीन नावे आहेत : सुमन, कुसुम, मंदा. एवढी हाताने जोडता येतील. पण पटावर चाळीस नावे असली तर? तेथे लूप, म्हणजे फेरा, कामी येतो.

रीत अशी. प्रथम एक रिकामी स्ट्रिंग घ्यावी. तिला आपण 'ओळ' म्हणू. मग 'फॉर' या शब्दाने फेरा सुरू करावा. दर फेऱ्याला यादीतले एक नाव उचलावे आणि ओळीच्या शेवटी जोडावे.

मुले चुकतात ती येथेच. रिकामी ओळ घेण्याची आज्ञा ती फेऱ्याच्या आत लिहितात. बादलीबादलीने हौद भरायचा, पण प्रत्येक खेपेला आधी तो उपसून टाकायचा, असा हा प्रकार! शेवटी छापून येते नुसते 'मंदा'. संगणक तक्रारही करीत नाही, कारण प्रत्येक आज्ञा सुटी पाहिली तर शुद्धच असते. म्हणून गुरुजींनी दर फेऱ्यानंतर ओळ छापायला सांगावी. आधी 'सुमन', मग 'सुमनकुसुम' दिसले, की फेरा बरोबर आहे असे समजावे.

आता नावांत स्वल्पविराम हवा. तो प्रत्येक नावामागे जोडला, तर शेवटच्या नावामागेही एक लोंबकळत राहतो. यावर पायथनमध्ये 'जॉइन' आहे. स्वल्पविराम हाच दोरा धरून ते सारी यादी ओवते, आणि शेवटी काही उरत नाही.

दुसराही लाभ आहे. तयार झालेली स्ट्रिंग बदलता येत नाही. जोडताना नवी घडते व जुनी अक्षरे पुन्हा उतरवावी लागू शकतात. दहा-दहा अक्षरांची हजार नावे फेऱ्याने जोडली, तर ही उतरवणी सुमारे ५० लाख अक्षरांपर्यंत जाते. 'जॉइन'ला १० हजार अक्षरे आणि मधले स्वल्पविराम एवढेच पुरतात.

तरीही आधी फेराच शिकवावा. फेरा उमगलेल्या मुलाला 'जॉइन' आत काय करते हे सांगावे लागत नाही.