‘डाय’ नव्हे, भेददर्शक
लक्ष्मीबाई नगराजवळील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था असो वा मुंबईचे रुग्णालय, चुंबकीय चित्रणापूर्वी शिरेत टोचावयाच्या द्रव्यास आपण ‘डाय’ म्हणतो. वस्तुतः त्यातील गॅडोलिनियम कशालाच रंगवीत नाही. भोवतालच्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना ते लवकर मूळ चुंबकीय स्थितीवर आणते. म्हणून तो भाग उजळ दिसतो. ‘भेददर्शक’ हाच शब्द युक्त. मुक्त गॅडोलिनियम विषारी असते. प्रचलित औषधांत सेंद्रिय रेणू त्यास धरून ठेवतो, पण ती पकड क्वचित सुटते. १९८५ साली सापडलेल्या फुलरीनच्या कुळातील ८२ कार्बन-अणूंच्या पिंजऱ्यात मात्र ते पुरते कोंडता येते. आणि हा पिंजरा मिळतो तो काजळीतून! तो पाण्यात विरघळावा म्हणून बाहेरून हायड्रॉक्सिल गट जोडतात. शरीरात तो किती काळ रेंगाळेल, ही शंका फिटलेली नाही. त्यामुळे रुग्णोपचारात तो अद्याप रूढ नाही.