‘वेंट’ नेमकं कुणाचं?

‘गो, वेंट, गॉन’ अशी तीन रूपं घोकताना मधलं ‘वेंट’ उपरं वाटतं. ते आहेच उपरं! ‘वेंड’ म्हणजे वाट धरणं. ‘सेंड’चं ‘सेंट’, तसं ‘वेंड’चं ‘वेंट’. ‘गो’चा जुना भूतकाळ मागे पडला आणि ‘वेंट’ त्याच्या घरी दत्तक गेलं. ‘वेंड’ला आता ‘वेंडेड’वर भागवावं लागतं. आपण मात्र हसू नये. ‘जा’चं ‘गेला’ होताना ‘जा’मधलं काय शिल्लक राहतं? संस्कृतातल्या ‘या’ धातूकडून वर्तमानकाळ आणि ‘गम्’कडून भूतकाळ, असा आपलाही संसार उसनवारीचाच.

‘सिंग-सँग-संग’सारख्या पोटातला स्वर बदलणाऱ्या क्रियापदांना ‘सबळ’ हे नाव याकोब ग्रिमनं दिलं. होय, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकीच तो. शेपटीला ‘एड’ वगैरे लावून घेणारी ती ‘दुर्बळ’. पण राज्य दुर्बळांनीच बळकावलं! हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये हिशोब मांडला: जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी तपासली, त्यातली आजवर ९८ टिकली. वापर शंभरपट कमी असेल, तर क्रियापद दहापट वेगानं सरळ वळणावर येतं. रोज जिभेवर असतं तेच वाकडं राहू शकतं. म्हणून तर बी, हॅव, डू, गो, से अशी सर्वाधिक वापरातली दहाच्या दहा क्रियापदं अनियमित आहेत. ‘हेल्प’ तेवढं नशीबवान नव्हतं. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये त्याचं ‘होल्पन’ हे रूप भेटतं, आज ते कुणी बोलत नाही. संशोधकांच्या मते आता पाळी ‘वेड’ची, म्हणजे लग्न करण्याची. (मराठी वाचकांनी हसू आवरावं.)

गंगा उलटीही वाहते. त्याच बायबलमध्ये खणण्याचा भूतकाळ ‘डिग्ड’ आहे, आज ‘डग’. ‘कॅच’ तर फ्रेंचमधून आलेला पाहुणा, तरी ‘कॉट’ होऊन बसला. ‘स्नीक’चं ‘स्नक’ हे अमेरिकेतलं अलीकडचं पीक. ज्या ‘गॉटन’ला ब्रिटिश मंडळी अमेरिकी म्हणून नाकं मुरडतात, ते मुळात इंग्लंडातलंच, समुद्र ओलांडून गेलं आणि तिकडेच टिकलं.

आणि ‘हँग’? चित्र टांगलं तर ‘हंग’, माणूस फासावर दिला तर ‘हँग्ड’. इथे गफलत केलीत तर इंग्रजीचे मास्तर तुम्हाला लटकवतील.

‘गूगल’सारखी नवी क्रियापदं मात्र मुकाट्यानं ‘एड’ लावून घेतात. त्यामुळे जुना तक्ता फारसा वाढायचा नाही. तो पाठ करायचाच असेल, तर ‘अबाइड’, ‘अराइज’ असा वर्णक्रमानं करू नका; ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘गो’पासून सुरुवात करा.