लॅपटॉप, मोबाईल आणि पाळणा



गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना एका मित्राने मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "काय रे, वायफायच्या रेडिएशनमुळे मूल व्हायला अडचण येते म्हणतात, खरं का?" मी काही डॉक्टर नाही. साधा सॉफ्टवेअरवाला, डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, आणि अँटेनाच्या पेपरात मला केटी लागली होती! पण याच प्रश्नात आम्ही नवरा-बायकोने दोन वर्षे काढली आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या दोन वर्षांत आई भारतातून फोनवर माझ्या बायकोला बजावायची, "अगं, तो कॉम्प्युटर पोटाजवळ घेऊन बसू नकोस." तपासण्याही आधी तिच्याच झाल्या. मी मात्र शेजारी सोफ्यावर, रात्री दहा वाजता ऑफशोअर टीमचा कॉल चालू आणि लॅपटॉप थेट मांडीवर. मलाही तपासायला हवे, हे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

आधी थोडे फिजिक्स

"रेडिएशन" म्हटले की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो. पण रेडिएशनचे दोन प्रकार आहेत. एक्स-रे किंवा गॅमा किरणांमध्ये इतकी ऊर्जा असते की ते पेशीतील डीएनए थेट तोडू शकतात. मोबाईल, वायफाय, मायक्रोवेव्ह यांच्या लहरी दुसऱ्या प्रकारातल्या. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीच्या एका कणाची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा काही लाख पटींनी कमी असते. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. अमेरिकेत मोबाईलसाठी जी मर्यादा आहे (शरीराच्या १ ग्रॅम भागात सरासरी १.६ वॅट प्रति किलो) ती याच हिशेबाने ठरवलेली आहे. भारतानेही २०१२ मध्ये हीच मर्यादा लागू केली.

खरा मुद्दा उष्णतेचा

पुरुषाचे अंडकोष शरीराबाहेर असतात ते उगाच नाही. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी तापमान लागते. न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रूक येथील डॉक्टरांनी २००५ मध्ये २९ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर अंडकोषाजवळचे तापमान साधारण २.६ ते २.८ अंश सेल्सियसने वाढले. गंमत म्हणजे लॅपटॉप न घेता, नुसते गुडघे जुळवून बसल्यानेही ते सुमारे २.१ अंश वाढले! म्हणजे दोष लहरींचा कमी, बसण्याच्या पद्धतीचा आणि गरम यंत्राचा जास्त. याच गटाने २०११ मध्ये पाहिले की लॅपटॉपखाली पॅड ठेवून फारसा उपयोग होत नाही. उत्तम उपाय म्हणजे टेबल.

मग मोबाईल निर्दोष का?

तसेही ठामपणे म्हणता येत नाही. अर्जेंटिनात २०१२ मध्ये २९ जणांच्या वीर्याचे नमुने चार तास वायफाय चालू असलेल्या लॅपटॉपखाली ठेवले, तेव्हा शुक्राणूंची हालचाल मंदावलेली दिसली. पण ते बशीतले शुक्राणू होते, शरीरातले नव्हेत. स्वित्झर्लंडमध्ये २००५ ते २०१८ या काळात २,८८६ तरुणांची तपासणी झाली. दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांमध्ये शुक्राणूंची घनता, आठवड्यातून एकदाच वापरणाऱ्यांच्या तुलनेत, २१ टक्के कमी निघाली. मात्र फोन खिशात ठेवण्याचा संबंध दिसला नाही, आणि पुढच्या वर्षांत हा फरकही कमी होत गेला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या २०२४ च्या आढाव्यानुसार माणसांवरच्या अभ्यासांचा पुरावा ठाम निष्कर्षाला पुरेसा नाही.

गर्भारपणात काय?

१९८० च्या दशकात कॉम्प्युटरच्या जुन्या, जड मॉनिटरबद्दल हीच भीती होती. १९९१ मध्ये अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटर महिलांचा मोठा अभ्यास झाला. स्क्रीनसमोर काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोघींमध्ये आपोआप गर्भपात होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. उलट, कॅलिफोर्नियातल्या ९१३ गर्भवतींच्या २०१७ च्या अभ्यासात जास्त चुंबकीय क्षेत्रात वावरणाऱ्यांमध्ये गर्भपात जास्त दिसले. पण तिथे मोजमाप फक्त एका दिवसाचे होते, त्यामुळे कारण सिद्ध होत नाही. तेव्हा घाबरून नोकरी सोडायची किंवा महागडे "अँटी-रेडिएशन" कपडे घ्यायची गरज मला दिसत नाही. एक्स-रे, सीटी स्कॅन असेल तर मात्र गरोदर असल्याचे आधी जरूर सांगावे.

साधे उपाय

- लॅपटॉप टेबलावर. नावात "लॅप" असला तरी!
- मूल हवे असताना हॉट टब, सॉना पुरुषांनी टाळावे.
- फोनवर लांब बोलायचे असेल तर स्पीकर किंवा इअरफोन. अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारण चौथाईवर येते. फुकटचा उपाय आहे.
- वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत (पत्नी ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने) तर डॉक्टरकडे दोघांनी जावे.

हा शेवटचा उपाय सर्वांत महत्त्वाचा. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचेही कारण असते, आणि त्याची पहिली तपासणी सोपी, स्वस्त आणि न दुखणारी आहे.

माझा रिपोर्ट आला तेव्हा काउंट कमी होता. मी लॅपटॉप टेबलावर नेला, सिगारेट सोडली, जिमनंतरचा सॉना बंद केला, वजन उतरवले. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासले. आकडे सुधारले होते. एकदम चार बदल केल्यामुळे नेमका कोणत्या बदलाने बग गेला, हे सांगता येणार नाही. आज मुलगी चार वर्षांची आहे आणि माझा लॅपटॉप तिला मांडीवरच हवा असतो.

रिपोर्टच्या दिवशी आईला फोन केला आणि सांगितले, "आई, अडचण माझ्यात आहे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, "तिला फोन दे." त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण त्यानंतर पोटाजवळच्या कॉम्प्युटरचा विषय कधी निघाला नाही.

तेव्हा त्या मित्राला माझे उत्तर एवढेच: वायफाय बंद करण्याआधी अपॉइंटमेंट घे. आणि स्वतःच्याही नावाने घे.