अल्झायमर आणि मेंदूतला दाह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अल्झायमरमध्ये मेंदूत दाह असतो, हे खरं आहे. पण ‘मेंदूला सूज आलीय, ती उतरवली की झालं’ असं समजून घरच्या घरी उपाय सुरू करणं धोक्याचं आहे. हा दाह कसा चालतो, ते आधी समजून घेऊ.

गैरसमज १ : दाह आहे म्हणजे मेंदूत जंतू शिरलेत.
वस्तुस्थिती : या दाहाला जंतू लागतातच असं नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. आजूबाजूला काय चाललंय, हे या पेशींना रिसेप्टर नावाच्या प्रथिनांमुळे कळतं. ‘टोल-लाइक’ गटाचे रिसेप्टर मुळात जंतू ओळखतात. मात्र अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन भेटलं, तरी त्यातले काही तसाच धोक्याचा इशारा देतात.

गैरसमज २ : आधी मेंदू झिजतो, दाह नंतर येतो.
वस्तुस्थिती : २०१३ मध्ये ‘ट्रेम-२’ या मायक्रोग्लियावरच्या रिसेप्टरच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल समोर आला. तो असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका काही पटींनी जास्त असतो. जनुकातला बदल जन्मापासूनचा, आजार उतारवयातला. म्हणजे आजार घडण्यातच या पेशींचा वाटा आहे.

गैरसमज ३ : दाहाशी संबंधित सगळेच रिसेप्टर घातक.
वस्तुस्थिती : ट्रेम-२ नीट काम करत असेल, तर मायक्रोग्लिया अमायलॉइडच्या गुठळ्यांभोवती जमतात आणि शेजारच्या चेतापेशींना होणारी इजा कमी करतात. उलट पेशीच्या आतला ‘एनएलआरपी-३’ हा रिसेप्टर सतत चेतत राहिला, तर दाह भडकवणारी रसायनं बाहेर पडतात. अल्झायमरसारखी लक्षणं असलेल्या उंदरांमधून त्याचं जनुक काढून टाकलं, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती बरीच टिकली.

गैरसमज ४ : दाहशामक गोळ्या रोज घेतल्या की अल्झायमर टळतो.
वस्तुस्थिती : अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘अडॅप्ट’ चाचणीत सत्तरीच्या पुढच्या अडीच हजारांहून अधिक लोकांना नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. हृदयाला धोका असल्याच्या शंकेमुळे २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या आणि आजार टळल्याचं दिसलं नाही. अशा गोळ्या मनाने घेत राहिल्यास जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. ट्रेम-२ ला चालना देणारं एक औषधही २०२४ मध्ये माणसांवरच्या चाचणीत आजाराचा वेग कमी करू शकलं नाही. कोणता रिसेप्टर, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि किती चेतवायचा किंवा शमवायचा, हाच आज संशोधनाचा मुख्य प्रश्न आहे.

आपल्या हातात मात्र बरंच काही आहे. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवा, चालणं सोडू नका, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र घ्या. विसरण्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.