चार खुंट्या आणि एक आकडा

शिरूरच्या जिरायती भागात बोअर घ्यायचं ठरलं की पहिला निरोप पाणाड्याला जातो. तळहातावरचा नारळ उभा राहिला, की तिथे दगड ठेवायचा आणि बोअरची गाडी बोलवायची. खाली कोरडा पाषाण लागला तर भोकातून नुसता फुफाटा उडतो आणि त्यासोबत वर्षाची कमाईही. म्हणून जमीन वीज किती अडवते हे पाहणारी विद्युत रोधकतेची तपासणी प्रत्येक शेतकऱ्याने नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

एका ओळीत चार लोखंडी खुंट्या सारख्या अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत थोडी वीज सोडायची आणि आतल्या दोघींमधला विद्युत दाब मोजायचा. अमेरिकेतल्या फ्रँक वेन्नर यांनी १९१५ साली ही मांडणी प्रसिद्ध केली. समजा, खुंट्यांमध्ये १० मीटर अंतर आहे, १०० मिलिअँपिअर वीज सोडली आणि ५० मिलिव्होल्ट दाब दिसला. भागाकार आला ०.५ ओहम. त्याला अंतराने आणि ६.२८ ने गुणलं की सुमारे ३१ ओहम-मीटर. हा आकडा वरपासून खालपर्यंतच्या थरांचा एकत्रित असतो. खुंट्या लांब लांब नेल्या की वीज खोल उतरते, आणि आकडे कसे बदलत जातात त्यावरून थर उलगडतात.

उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात खुंटीचा मातीशी धड संपर्क होत नाही. तेव्हा तिच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओततात. जवळ तारेचं कुंपण किंवा पुरलेली लोखंडी पाइपलाइन असेल तर वीज तिकडूनच पळते. अशा वेळी ओळ बदलावी, आकड्याशी झटापट करू नये.

आपल्याकडचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अखंड काळा पाषाण वीज अडवतो, आकडा शंभराच्या पार जातो. पाण्याने भिजलेला मुरूम साधारण वीस ते चाळीस दाखवतो. म्हणून शिरूरच्या माळावर ३१ दिसला तर आशेला जागा आहे.

दौंडला भीमाकाठी मात्र हाच हिशेब फसवतो. कालव्याचं पाणी, वर्षानुवर्षांचा ऊस, निचरा नाही, मग क्षार साचून जमीन चोपण होते. तिथे आकडा पाचावर येतो, आणि भरपूर पाणी आहे असा समज होतो. खरं तर क्षार वीज वाहून नेतात, चिकणमातीही नेते. यंत्र पाणी पाहत नाही, फक्त वीज किती अडते तेवढंच सांगतं. हाच गुण पर्यावरणाच्या कामाला येतो: तीच ओळ दरवर्षी तपासली, तर क्षार किंवा दूषित पाणी कुठे सरकतंय ते कळतं. कोकणात खाडीकाठच्या विहिरींकडे येणारं खारं पाणीही असंच टिपता येतं.

म्हणून दौंडच्या शेतकऱ्याने कमी आकडा पाहून लगेच गाडी बोलवू नये. आधी शेजारच्या विहिरीचं बाटलीभर पाणी तपासायला द्यावं आणि मेमध्ये त्या विहिरीत दोर किती खोल जातो, ते मोजावं.