तपाचे दिवस आणि उतरणारी साखर

चातुर्मास बसला की घराघरांत तपाची चर्चा सुरू होते. कोणी अठ्ठाईचा भाव धरतो, कोणी आयंबिलाच्या ओळीची तयारी करतो, तर कोणी वर्षानुवर्षे चालत आलेला चोविहार अधिक दृढ करतो. या मंगल वातावरणात घरातील मधुमेही व्यक्तीच्या औषधांचा विषय मात्र सहसा निघत नाही. मधुमेह म्हटला की साखर वाढण्याची भीती सर्वांनाच वाटते. ती उतरण्याचा विचार फार थोडे लोक करतात. वास्तविक वाढलेली साखर बहुधा वर्षांच्या हिशेबाने शरीराची हानी करते, तर फार उतरलेली साखर काही मिनिटांत माणसाचे भान हरपवू शकते.

साखर का उतरते?

निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर दर डेसिलिटरला साधारणतः ७० ते ९९ मिलिग्रॅम असते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली गेली की सावध होऊन उपाय करावा. ५४ च्या खालची पातळी गंभीर समजावी. दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता येत नसेल, तर आकडा कोणताही असो, ती तीव्र अवस्थाच होय.

निरोगी माणसाने उपवास केला तर त्याचे यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनपासून साखर पुरवते. तो साठा साधारण दिवसभरात संपत आला की यकृत प्रथिनांच्या व चरबीच्या घटकांपासून नवी साखर तयार करू लागते. त्याच वेळी शरीरातील इन्शुलिन आपोआप कमी होते. म्हणूनच निरोगी तपस्व्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत सहसा उतरत नाही.

बाहेरून घेतलेल्या इन्शुलिनचे तसे नाही. माणूस उपाशी असो वा जेवलेला, ते आपले काम करीतच राहते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या वर्गातील गोळ्याही स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावतात. मूत्रपिंड दुर्बळ असेल तर यांतील काही औषधांचा परिणाम अधिक लांबतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका बराच कमी असतो. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी साखर फारशी उतरत नसली, तरी दीर्घ उपवासात शरीरातील पाणी घटून रक्तात घातक आम्ल साठण्याची भीती असते. म्हणून या गोळ्या घेणाऱ्यानेही उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

चोविहाराचा हिशेब

डिसेंबरात मुंबईकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येणाऱ्या नवकारशीपर्यंत सुमारे पावणेचौदा तासांचे अंतर पडते. नियमाप्रमाणे केलेला एक उपवास तर जवळजवळ ३६ तासांचा होतो. आता असे समजा, की डॉक्टरांनी रात्री नऊचे जेवण गृहीत धरून मिश्र इन्शुलिनची मात्रा साडेआठला लिहून दिली आहे. घरातील आजी मात्र सहाच्या आत जेवतात आणि सुई साडेआठलाच टोचून घेतात. औषध रक्तात पोहोचते तेव्हा त्यामागे अन्न येत नाही. दोष चोविहाराचा नाही व औषधाचाही नाही. दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही, एवढेच.

डॉक्टरांना चोविहाराची वेळ स्पष्ट सांगितली तर औषधाची वेळ, मात्रा किंवा प्रकार बदलून बहुतेक वेळा मार्ग निघतो. मात्र स्वतःच्या विचाराने गोळी बंद करणे वा मात्रा अर्धी करणे हेही तितकेच अहितकारक आहे.

सायंकाळचे भोजन घाईचे व केवळ हलके नसावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण किंवा मुगाची उसळ, दुधी-दोडक्यासारखी भाजी आणि आहारात चालत असेल तर दही, असे ताट असल्यास साखर हळूहळू मिळत राहते. नुसत्या साबुदाण्यावर वा गोड पदार्थांवर भागविल्यास ती लवकर चढते व लवकर उतरते. कंदमुळे वर्ज्य असली तरी त्यावाचून काही अडत नाही. धान्य आणि कडधान्य यांतून आवश्यक ते सर्व पिष्ट मिळते.

लक्षणे ओळखावीत

प्रारंभी घाम फुटतो, हात कापतात, छातीत धडधडते, अकस्मात भूक लागते. पुढे दृष्टी अंधुक होते, बोलणे अडखळते, माणूस चिडचिड करतो किंवा असंबद्ध बोलतो. शेवटी आकडी येऊन शुद्ध हरपते. वृद्धांमध्ये ही लक्षणे ‘वयाचे झाले’ किंवा ‘उपवासाचा थकवा’ म्हणून दुर्लक्षिली जातात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड व कंप जाणवत नाही, घाम मात्र येतो. अनेक वर्षांच्या मधुमेहात पूर्वसूचना देणारी ही लक्षणे कधी कधी अजिबात उमटत नाहीत. अशा वेळी ग्लुकोमीटर हाच खरा साक्षीदार. बोटाला सुई टोचून पाहिल्याने पोटात काही जात नाही. व्रताला त्याची बाधा मानण्याचे कारण नाही.

पहिली पंधरा मिनिटे

साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सुमारे तीन चमचे, पाण्यात कालवून द्यावे. ते नसल्यास तेवढीच साधी साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर तितकेच पुन्हा द्यावे. साखर सावरली की थोडे भोजन द्यावे. पेढा, लाडू वा चॉकलेट या वेळी उपयोगाचे नाही, कारण तुपामुळे व स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. परदेशी पुस्तिकांत मध सुचविलेला असतो. आपल्याला तो अभक्ष्य आहे आणि त्याची गरजही नाही. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी मात्र घरात शुद्ध ग्लुकोजच ठेवावे, कारण या गोळ्या साध्या साखरेचे पचन रोखून धरतात.

रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात. ग्लुकागॉनचे इंजेक्शनही उपयोगी पडते. वर सांगितलेल्या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल, तर ती सावरल्यानंतरही पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटताच घरी जाण्याची घाई करू नये.

व्रतभंगाची शंका

खरी अडचण बहुधा इथेच येते. रात्री दोन वाजता आजींना घाम फुटला आहे, सूनबाई ग्लुकोजचा पेला घेऊन उभी आहे, आणि आजी म्हणतात, “माझा चोविहार आहे.” अशा प्रसंगी काय करावे हा विचार आपल्या परंपरेत झालेला नाही असे नाही. पच्चक्खाणात जे आगार ठेवलेले असतात, त्यांत सर्वसमाधिप्रत्ययिक हा एक आहे. तीव्र पीडेने चित्ताची समाधी ढळू लागली, तर औषधादी घेण्याची मुभा त्यात गृहीत धरलेली आहे. षोडशकारण भावनांतही तपाला ‘शक्तितः’ हे विशेषण जोडलेले आहे. याविषयी महाराज साहेबांना किंवा साध्वीजींना तप सुरू होण्यापूर्वीच विचारावे आणि त्यांचे उत्तर घरातील सर्वांना सांगून ठेवावे. रात्री दोन वाजता त्यावर वाद घालण्याइतका अवकाश नसतो.

पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले, इन्शुलिन घेणाऱ्या गर्भवती, मूत्रपिंडाचे रुग्ण, पूर्वी साखर उतरून बेशुद्ध झालेले आणि एकटे राहणारे वृद्ध यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून उपवास करूच नये. तपाचे बाह्य भेद सहा आहेत, तसेच आभ्यंतरही सहा आहेत. स्वाध्याय, विनय, ध्यान यांना कोणत्याही गोळीची आडकाठी नाही, आणि आजारी तपस्व्याची रात्रभर काळजी घेणारी सूनही वैयावृत्त्यच करीत असते.

मधुमेह नसतानाही ‘माझी साखर उतरते’ असे काहींना वाटते. त्यांनी चक्कर आली त्या वेळीच तपासणी करावी. आकडा खरोखर कमी आला आणि साखर घेतल्यावर बरे वाटले, तर वैद्यकीय शोध घेणे अगत्याचे. आकडा ठीक असेल तर कारण अन्यत्र असू शकते.

या वर्षी पच्चक्खाण घेण्यापूर्वी घरातील मधुमेही सदस्याने दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. सर्व गोळ्यांची नावे, जेवणाच्या बदललेल्या वेळा आणि संकल्पित तप एका कागदावर लिहून न्यावे. उशाशी ग्लुकोमीटर, ग्लुकोजची पुडी व पाणी ठेवावे, आणि ते कोठे आहे हे घरातील लहानांनाही ठाऊक असावे.